रेघेखालची ओळ

कॅप्टनची जीभ तिखट होती आणि त्याला स्वतःला त्याचा फार अभिमान होता. कॅप्टन म्हणजे जहाजाचा नव्हे, जेवणघरातला. वेटरांच्या वर आणि मॅनेजरच्या खाली जो काळं जाकीट घालून, हात मागे बांधून उभा असतो, आणि पाहुण्याने मान वळवायच्या आत खुर्चीपाशी पोहोचतो, तो. बारा वर्षांपूर्वी तो याच बेटावर भांडी घासायला आला होता. ही गोष्ट मात्र तो कुणाला सांगत नसे, आणि कुणी विचारलीच तर त्याला नेमकं काहीतरी काम आठवायचं.

त्या रिसॉर्टमध्ये नुसतं जेवायला घालत नसत, अनुभव देत. म्हणजे नाश्ता टेबलावर ठेवला तर तो नाश्ता. वेताच्या तबकातून पोहण्याच्या तलावात सोडला की अनुभव. दुपारी समुद्राच्या पोटातल्या काचेच्या खोलीत जेवण, बाहेरून मासे टकामका बघतायत. आणि शेवटच्या संध्याकाळी निरोपाचं जेवण. ओहोटीला बेटापासून थोड्या अंतरावर वाळूचा एक पट्टा उघडा पडतो, दोन खोल्यांएवढा. त्यावर एक टेबल, दोन खुर्च्या, कंदील. होडीने जायचं, सूर्य बुडताना जेवायचं आणि भरती चढायच्या आत परत यायचं.

या जेवणाचा मान असायचा एका कागदाला. हातकागदावर शाईने, सुंदर वळणदार अक्षरांत, पाहुण्याच्या स्वतःच्या मातृभाषेत लिहिलेल्या तीन-चार ओळी: तुम्ही इथे काय खाल्लंत, कशाला हसलात, आम्हाला काय लक्षात राहील. ताटात तो कागद बघून भलेभले रडायचे. हजारो मैलांवर आपल्या भाषेत कुणी चार शब्द लिहिले की माणूस विरघळतोच.

या ओळी त्या-त्या भाषेचा माणूस दुपारी एका साध्या पानावर लिहून द्यायचा. ते पान आधी केकवाल्याकडे जायचं, गोड काय करायचं ते ठरवायला. तिथून ऑफिसमागच्या खोलीत, अक्षरं काढणाऱ्या मुलीकडे. तिला अकरा लिप्या काढता यायच्या आणि दोनच वाचता यायच्या. समोरचं पान ती भरतकामाच्या नक्षीसारखं बघून उतरवायची. काना नाही, मात्रा नाही, काही चुकायचं नाही. फक्त अर्थाशी तिचा संबंध नसायचा.

आता केकवाला हा त्या बेटावर कॅप्टनची भाषा बोलणारा एकमेव दुसरा माणूस. दिवसभर परक्या भाषेत गोड बोलून तोंड आंबलेलं असायचं, म्हणून कॅप्टन त्याच्यासाठी पानाच्या तळाशी एक रेघ मारायचा आणि रेघेखाली पाहुण्यांवर एक खवचट ओळ लिहायचा. “मधुचंद्राचं जोडपं: दोघंही प्रेमात आहेत, पण आपापल्या फोनच्या.” केकवाला पोट धरून हसायचा, कात्रीने रेघेवरून पान कापायचा, खालची पट्टी कचऱ्यात टाकायचा आणि वरचा भाग पुढे पाठवायचा. चार वर्षं हा उद्योग बिनबोभाट चालला होता. या थट्टेत कुणाचं काही जात नाही, असं दोघांनाही मनापासून वाटायचं.

तर त्या आठवड्यात टेबल नऊवर एक शिंपी आणि त्यांची बायको आली. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून परदेशात नर्स असलेल्या मुलीने आईवडिलांना ही पाच दिवसांची सहल दिली होती. शिंप्यांना त्यांच्या गल्लीत सगळे मास्तर म्हणत आणि बाईंना काकू. आपणही तेच म्हणू. कॅप्टनची भाषा तीच त्यांची भाषा, म्हणून टेबल नऊ त्याच्या वाट्याला आलं.

पहिल्याच रात्री भल्यामोठ्या ताटाच्या मधोमध एक कोळंबी आणि तिच्यावर हिरवट फेस आला. काकूंनी ताटाकडे बघितलं, मग कॅप्टनकडे.

“बाकीचं मागून येतंय का?”

“हा पहिला पदार्थ आहे, मॅडम. असे अकरा येतील.”

“अगंबाई, कॅप्टन आपल्यातलेच आहेत! अहो, ऐकलंत का, आपल्यासारखंच बोलतात!” काकू इतक्या जोरात म्हणाल्या की सगळं जेवणघर वळून बघायला लागलं. मग त्यांनी त्या कोळंबीचे सुरीने बरोबर दोन तुकडे केले, मोठा नवऱ्याला दिला, आणि कॅप्टनची आई कुठे असते, लग्न झालंय का, जेवता तरी कधी, अशी चौकशी सुरू केली. दुसऱ्या दिवशी काचेच्या खोलीत त्यांनी मासा तोंडाशी नेला आणि परत ठेवला. “त्यांचे भाऊबंद बघतायत हो. बरं दिसतं का?” मग काचेकडे बघून त्यांनी खरोखरच माशांना “माफ करा हं” म्हटलं आणि खाल्लं. आणि रोज रात्री उठताना टोपलीतले उरलेले पाव त्या रुमालात बांधून घ्यायच्या.

वाइन देणारा पोरगेलासा माणूस कॅप्टनला हसून म्हणाला, “तुमच्याकडचे का?”

“नाही,” कॅप्टन म्हणाला. “फक्त भाषा एक आहे.”

खरं सांगायचं तर त्याला त्या दोघांचा राग नव्हता. लोक त्यांच्याकडे बघतात आणि मग आपल्याकडे बघतात, याची त्याला लाज वाटत होती. बारा वर्षं घासून घासून चकचकीत केलेल्या अंगावर कुणीतरी जुना डाग दाखवावा, तसं झालं होतं. म्हणून तो त्यांना मुद्दाम “सर” आणि “मॅडम” म्हणायचा, काकूंच्या प्रश्नांना एका शब्दात उत्तर द्यायचा, आणि पाचव्या दिवशी दुपारी त्याने निरोपाचं पान लिहायला घेतलं तेव्हा वरच्या तीन ओळी छान लिहिल्या, रेघ मारली, आणि खाली लिहिलं: “बाई पाव रुमालात बांधून नेतात. टेबल नऊ उठलं की काटेचमचे मोजून घ्यावेत.”

वाचून त्याला स्वतःलाच हसू आलं. पान त्याने केकवाल्याच्या टेबलावर ठेवलं आणि तो कामाला लागला.

त्यानंतर पाचच मिनिटांत केकवाल्याच्या हातावर उकळता पाक सांडला. त्याला होडीत घालून शेजारच्या बेटावरच्या दवाखान्यात नेलं. त्याच्या मदतनिसाने टेबलावरचं पान उचललं, कोपऱ्यात गोडाची खूण केली आणि आहे तसं अक्षरांच्या खोलीत देऊन टाकलं. त्याला ती भाषा येत नव्हती. अक्षरं काढणाऱ्या मुलीलाही येत नव्हती. कॅप्टनला यातलं काहीच माहीत नव्हतं.

चारच्या सुमाराला तो टेबल नऊच्या खोलीवर होडीची वेळ सांगायला गेला. तिथल्या फाटकाच्या कडीत जाकिटाची बाही अडकली आणि खांद्यापासून टर्रकन उसवली.

“थांबा, काढा ते,” पाण्यावर काढलेल्या ओट्यावर बसलेले मास्तर म्हणाले.

“नको सर, आमच्याकडे—”

“काढा म्हटलं ना.” मास्तरांनी खिशातून सुईदोऱ्याची पुडी काढली. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या खिशात सुई असते, त्याच्या सहलीच्या शर्टातही ती असतेच. चष्मा कपाळावरून खाली ओढून त्यांनी बाही मांडीवर घेतली. “कुणी शिवलंय हे? आतून दोरा सोडूनच दिलाय. वरून छान, आत नुसता आनंद.”

कॅप्टन बिनजाकिटाचा, अवघडून बसला. काकूंनी रुमाल सोडून एक पाव त्याच्यापुढे धरला.

“खा. रात्रीचा आहे, पण मऊ आहे अजून. रोज घेते मी. ह्यांना साखरेचं दुखणं आहे ना, पहाटे साखर उतरते, हात लटपटायला लागतात, लगेच काहीतरी पोटात जावं लागतं. त्या खोलीतल्या फ्रिजला हात लावायची भीती वाटते बाई, पोरीच्या बिलात चढायचं. तुमच्या वेटरला खुणा करून विचारलंय मी पहिल्याच दिवशी, उगाच नाही नेत. तोही खुणेनेच घ्या म्हणाला.”

कॅप्टनने पाव तोंडात घातला आणि तो खाली उतरेना. वेटरला विचारलं होतं. पाच दिवसांत हे विचारायचं त्याला स्वतःला सुचलं नव्हतं. मनातल्या मनात त्याने स्वतःला दोन शिव्या हासडल्या आणि समजूतही घातली: जाऊ दे, ती पट्टी केव्हाच कचऱ्यात गेली असेल, कुणाला कळणार आहे. समजूत घातल्यावर पाव उतरला. मास्तरांनी दोरा दाताने तोडला, बाही ओढून बघितली आणि पैसे वगैरेचा विषय निघायच्या आत त्याच्या अंगावर जाकीट चढवलं.

संध्याकाळी होडीत कॅप्टन पुढे बसला होता, डबे पायाशी, मास्तर-काकू मधल्या फळीवर. होडीवाला सहज म्हणाला, “तुमच्या दोस्ताचा हात बराच भाजलाय. दुपारी मीच नेला त्याला.”

“कधी दुपारी?”

“दोन वाजले असतील.”

दोन वाजता. पान ठेवलं तेव्हा दोनला पाच कमी होते. समोर वाळूचा पट्टा दिसत होता, पांढऱ्या कापडाचं टेबल दिसत होतं, आणि ताटावर शिंपल्याखाली दाबलेला कागद इतक्या लांबूनही दिसत होता. कापलं असेल. त्या मदतनिसाने कापलं असेल. त्याला काय कळतंय काय कापायचं ते! कुणाच्याही आधी पोहोचायचं आणि कागद खिशात घालायचा, एवढंच त्याने ठरवलं.

होडी टेकली. तो उडी मारायला उठला तोच काकूंनी त्याचा दंड घट्ट धरला. “मला सोडू नका हो. पाण्याची फार भीती वाटते मला.” गुडघाभर पाणी. त्या एकेक पाऊल असं टाकत होत्या की जणू खाली काचा पसरल्यात. कॅप्टन त्यांना घेऊन चालत होता आणि बघत होता: मास्तर विजार गुडघ्यापर्यंत दुमडून भराभर पुढे गेले, टेबलापाशी पोहोचले, शिंपला उचलला, कागद उचलला.

त्यांनी वाचला. पहिल्यांदा ते हसले, हे पाठीवरूनही कळलं. मग खांदे थांबले. मग त्यांनी कागद होता तसा ठेवला, त्यावर शिंपला ठेवला, आणि समुद्राकडे तोंड करून खुर्चीत बसले.

“आला का आपला कागद?” काकू धापा टाकत म्हणाल्या. “मुलीने सांगितलं होतं, शेवटी आपल्या भाषेत लिहिलेलं देतात म्हणून. पाच दिवस वाट बघतेय मी. घ्या, आणि नेमका चष्मा खोलीत राहिला. अहो, वाचा ना.”

“मी कशाला?” मास्तर म्हणाले. “कॅप्टननी लिहिलंय. कॅप्टनच वाचतील.”

कॅप्टनने कागद घेतला. अक्षर अप्रतिम होतं. मुलीने रेघसुद्धा सोडली नव्हती. उलट तिच्या दोन्ही टोकांना तिने वेलबुट्टी काढली होती. आणि रेघेखालची ओळ सगळ्यांत देखणी आली होती.

“‘तलावातून नाश्ता तरंगत आला तेव्हा तुम्ही त्याला ये ये म्हणालात,’” त्याने वाचलं. काकू खळखळून हसल्या. “‘काचेच्या खोलीत तुम्ही माशांची माफी मागितलीत. लिंबाचं आइस्क्रीम दोघांनी एका चमच्याने खाल्लंत, आणि शेवटचा घास कुणी घ्यायचा यावर भांडलात.’ झालं. एवढंच.”

“खाली रेघ ओढून आणखी एक ओळ आहे ना?” मास्तर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. ते अजून समुद्राकडेच बघत होते.

“हो. आहे.” कॅप्टन म्हणाला. ज्या जिभेचा त्याला एवढा अभिमान, ती टाळ्याला चिकटून बसली होती. “‘टेबल नऊ उठलं की... आम्हाला ते टेबल फार रिकामं वाटेल. पाव भाजले की... तुमची आठवण येईल.’”

काकूंचे डोळे भरून आले. “अगंबाई. पावांचंसुद्धा लक्षात ठेवलं. आणि मला वाटत होतं, तुम्ही आमच्यावर वैतागलाय की काय. परत वाचा ना तेवढं.”

“‘टेबल नऊ उठलं की आम्हाला रिकामं वाटेल—’”

“मघाशी ‘फार रिकामं’ म्हणालात.”

“फार रिकामं,” कॅप्टन म्हणाला. तेव्हा मास्तरांनी पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं आणि कॅप्टनने नजर खाली घातली. आपली मान अशी खाली जाते, हे त्याला बऱ्याच वर्षांनी आठवलं.

काकूंनी कागद त्याच्या हातातून घेतला, घडी न घालता पर्समध्ये नीट उभा ठेवला. घरी गेल्यावर आधी चष्मा लावून स्वतः वाचणार होत्या. मग मुलगी सुट्टीवर आली की ती सगळ्या शेजाऱ्यांसमोर मोठ्याने वाचणार होती. मग काचेच्या चौकटीत.

“मॅडम, तो कागद जरा... शाई कच्ची आहे. माझ्याकडे द्या, सकाळी पक्का करून देतो.”

“कच्ची असू दे. मला हाच हवा.”

पुढचे सात पदार्थ कॅप्टनने वाढले. भाजलेला मासा, नारळाच्या दुधातली पालेभाजी, आंब्याची फोड. काकूंनी सगळ्याचं कौतुक केलं आणि मास्तरांनी सगळं थोडं थोडं उष्टावून ठेवलं. सूर्य बुडाला, कंदील लावला, पाणी पट्ट्याच्या कडेवर चढायला लागलं. उठायच्या आधी मास्तरांनी दोघांचे काटे, चमचे, सुऱ्या रुमालाने स्वच्छ पुसल्या आणि पांढऱ्या कापडावर शेजारी शेजारी ओळीने मांडल्या.

“मोजून घ्या, कॅप्टन.”

“काय हो तुम्ही!” काकू म्हणाल्या. “दुकान बंद करताना कात्र्या मोजायची सवय इथेपण!”

“मोजा,” मास्तर म्हणाले.

कॅप्टनने मोजले. एकेकावर बोट ठेवून मोजले, कारण दुसरं काय करावं ते त्याला कळेना. “बरोबर आहेत,” तो म्हणाला, आणि त्याचे कान तापून लाल झाले.

होडीवाला काकूंना चढवत होता तेवढ्यात कॅप्टन मास्तरांजवळ गेला. “काका, माझं—”

“आत्ता काका झालो का मी?”

“ती नुसती थट्टा होती. आम्ही दोघं मित्र आपसात... ती ओळ कापून टाकायची असते. आज कापायची राहिली.”

“कापली असती, तरी लिहिली होतीतच ना तुम्ही?”

कॅप्टन होडीकडे वळला. “मी काकूंना खरं सांगतो. पाय धरतो त्यांचे.”

“अजिबात नाही.” मास्तरांनी विजारीची दुमड वर केली. “तुमचं मन हलकं करायला तिचं जड करू नका. महिनाभर आधीपासून बॅग भरत होती ती. तुम्ही वाचलंत, तेच तिच्या लक्षात राहू दे. कागदाचं मी बघतो. चाळीस वर्षांत बायकोशी खोटं बोललो नाही असं काही मी म्हणणार नाही, पण दुसऱ्याच्या पापासाठी हे पहिलंच.”

त्या रात्री कॅप्टनला झोप लागली नाही, हे सांगायला नकोच. जाकीट खुंटीवर होतं, तिकडे त्याने बघितलं नाही.

सकाळी धक्क्यावर नेहमीसारखी रांग लागली. मॅनेजर, वेटर, वाइनवाला, सगळे छातीवर हात ठेवून उभे. निघणाऱ्या पाहुण्यांना असाच निरोप द्यायची तिथली रीत होती. मास्तर आणि काकू चालत आले. काकूंचे डोळे सुजले होते. त्या सरळ कॅप्टनपाशी येऊन थांबल्या.

“काय सांगू तुम्हाला, तोंड दाखवायची लाज वाटते,” त्या म्हणाल्या. “कागद गेला. रात्री ह्यांनी ओट्यावर नेला, म्हणे कंदिलाच्या उजेडात बघतो, आणि पाण्यात पाडला. कापडाचा तुकडा कधी वाया घालवला नाही ह्या माणसाने, आणि माझा एवढा एक कागद... मी चष्म्याने वाचलासुद्धा नव्हता हो.” त्यांनी पदर डोळ्यांना लावला. “ओळी पाठ आहेत माझ्या. ‘टेबल नऊ उठलं की आम्हाला ते टेबल फार रिकामं वाटेल. पाव भाजले की तुमची आठवण येईल.’ बरोबर ना?”

“बरोबर,” कॅप्टन म्हणाला.

“तुम्ही एवढ्या आपुलकीने लिहिलंत आणि आम्हाला सांभाळता आलं नाही.” काकू नवऱ्याकडे वळल्या. “उभे काय राहिलात नुसते? माफी मागा त्यांची.”

“अगं, असू दे आता.”

“असू दे काय? माणसाने मनापासून केलेल्या गोष्टीची अशी माती केलीत. मागा म्हणते ना.”

मॅनेजरला शब्द कळत नव्हते, पण काहीतरी हृद्य चाललंय एवढं त्याला कळलं, आणि तो रांगेतल्या लोकांकडे बघून कौतुकाने हसला. मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली. ते कॅप्टनपुढे आले, आणि सगळ्यांदेखत त्यांनी हात जोडले.

“माफ करा, कॅप्टन,” ते म्हणाले. “चूक झाली माझ्या हातून.”

कॅप्टनला तिथल्या तिथे खाली बसावंसं वाटलं. ते हात धरून खाली करावेत, ओरडून सांगावं, असं वाटलं. पण मास्तर त्याच्या डोळ्यांत बघत होते, आणि काही बोलायची परवानगी त्या डोळ्यांत नव्हती.

“बोला ना काहीतरी,” काकू काकुळतीने म्हणाल्या. “त्यांच्या मनाला लागून राहील हो ते.”

रांगेतले सगळे थांबले होते. होडीचं इंजिन सुरू झालं होतं.

“माफ केलं, काका,” कॅप्टन म्हणाला.